वेताळाचा सहावा प्रश्न आणि अतिदक्षता विभागाचे दार

१९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका लागली. ज्या घरी टीव्ही होता, त्या घरात रविवारी अर्धी गल्ली जमायची. अरुण गोविल राजा विक्रम आणि सज्जन हे अभिनेते वेताळ. गोष्टीचा साचा ठरलेला होता. स्मशान, झाड, झाडाला लटकलेले प्रेत. राजा ते खांद्यावर टाकून निघतो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत एक गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. आणि तोंड उघडलेस तर मौन मोडले, मी चाललो पुन्हा झाडावर. राजा दर भागात खरे बोलतो आणि दर भागात वेताळ हातचा निसटतो.

सतरंजीवर बसून ही मालिका पाहणारी मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. आईवडिलांच्या आजारपणातले निर्णय आता त्यांच्याकडे आले आहेत. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभे असताना त्यांना जे प्रश्न पडतात, ते वेताळाच्या प्रश्नांहून फारसे वेगळे नसतात. त्यातला एक तर हुबेहूब तोच आहे.

गोदावरीकाठची गोष्ट

वेताळाच्या या पंचवीस गोष्टी मराठी घरांना मालिकेच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली. पुढे ‘चांदोबा’ मासिकाने ती दर महिन्याला घरात पोहोचवली. हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचे शंकर या चित्रकाराने काढलेले चित्र अनेकांना आजही आठवते.

मालिकेतला राजा उज्जैनचा विक्रमादित्य आहे. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची नगरी आहे गोदावरीकाठचे प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार घेतला, तो आता हरवलेला ग्रंथ सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत, म्हणजे परंपरेच्या मते पिशाच्चांच्या भाषेत लिहिला, असे मानतात. थोडक्यात, भुताच्या तोंडून माणसाला नीतीचे अवघड प्रश्न विचारण्याच्या या परंपरेत आपल्या जिल्ह्याचे नाव पहिल्यापासून आहे.

नवरा कोणता?

‘कथासरित्सागरा’तला वेताळाचा सहावा प्रश्न असा. मदनसुंदरी नावाची तरुणी नवऱ्याबरोबर आणि भावाबरोबर माहेरच्या सणाला निघाली आहे. वाटेत देवीचे देऊळ लागते. नवरा दर्शनाला आत जातो, भक्तीच्या भरात स्वतःचे मस्तक देवीला वाहतो. त्याला शोधायला गेलेला भाऊही ते पाहून तेच करतो. मदनसुंदरी गळफास घ्यायला निघते, तेव्हा देवी तिला थांबवते आणि म्हणते, ‘मस्तके धडांना लाव, दोघे उठतील.’ घाईत आणि आनंदात तिच्या हातून अदलाबदल होते. नवऱ्याचे डोके भावाच्या धडावर, भावाचे नवऱ्याच्या. दोघेही जिवंत होतात. आता तिचा नवरा कोणता?

राजा उत्तर देतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे मस्तक, तो नवरा. सगळ्या अवयवांत मस्तक मुख्य, माणसाची ओळख मस्तकावरूनच. जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४० साली या कथेवर कादंबरी लिहिली. गिरीश कार्नाड यांचे ‘हयवदन’ही याच धाग्यावर उभे आहे.

राजाचे उत्तर आजच्या वैद्यकाला बहुतांशी मान्य आहे. एखाद्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, यकृताचा तुकडा बसवला, अगदी दुसऱ्याचे हृदय बसवले, तरी शुद्धीवर आल्यावर त्याला नातवंडांची नावे तीच आठवतात, गावाची वाट तीच ठाऊक असते आणि उधारी कोणाची द्यायची आहे तेही लक्षात असते. उलट मेंदूच्या पुढच्या भागाला जबर इजा झाली, तर शरीर तेच राहूनही ‘हा आमचा भाऊ राहिलाच नाही’ असे घरचे म्हणतात. शरीराचा मेंदूवर परिणाम होतो हे खरे. तरीही माणूस कोण, याचा पत्ता मेंदूत आहे.

मग त्याच प्रश्नाची दुसरी बाजू येते. बाकी शरीर उबदार आहे, हृदय चालू आहे, पण मेंदू कायमचा संपला आहे, तर तो माणूस जिवंत आहे का? हा प्रश्न सोमदेवाच्या काळात फक्त गोष्टीतच विचारता आला असता. मेंदू संपला की श्वास थांबे, श्वास थांबला की काही मिनिटांत हृदय थांबे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही साखळी तुटली. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने फुगा दाबून त्यांना जगवले. तिथून आधुनिक अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर घडत गेले. असंख्य जीव वाचले. पण सोबत पूर्वी कधीच नसलेली एक अवस्थाही जन्माला आली. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कोमाच्याही पलीकडे गेलेल्या अशा रुग्णांचे वर्णन केले. १९६८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. ख्रिस्तियन बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे यायला मात्र १९९४ साल उजाडले.

प्रेतात वेताळ हलतो तेव्हा

मेंदूमृत रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला काय दिसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. छाती लयीत वर-खाली होते. हात गरम असतो. मॉनिटरवर हृदयाची रेघ चालू असते. पिशवीत लघवी जमा होते. आणि डॉक्टर म्हणतात, तुमचा माणूस गेला आहे. कोण विश्वास ठेवील?

छाती हलते ती यंत्रामुळे. हृदय चालते ते त्याच्या स्वतःच्या विजेवर. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. ठोक्याचा इशारा तिथून निघतो, मेंदूतून नाही. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. व्हेंटिलेटरमधून प्राणवायू मिळतो तोवर मेंदू नसतानाही हृदय काही काळ, बहुधा काही दिवस चालत राहते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो हालचालींमुळे. टीव्ही मालिकांमध्ये महिनोन्महिने बेशुद्ध असलेल्या नायिकेचे बोट हलते, पार्श्वसंगीत वाढते आणि पुढच्या भागात ती उठून बसते. मग अतिदक्षता विभागात खरोखर बोट हलले, तर घरच्यांनी काय समजावे? मेंदूमृत व्यक्तीचे बोट किंवा पाय कधीकधी खरेच हलतात. क्वचित दोन्ही हात उचलून छातीकडेही येतात. बायबलमधल्या मृत्यूनंतर उठलेल्या माणसावरून या हालचालीला ‘लाझारस चिन्ह’ म्हणतात. ॲलन रॉपर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८४ मध्ये तिचे वर्णन केले. ही हालचाल मेंदूतून येत नाही. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, त्याच जातीची. हे आधी सांगितले नाही आणि नातेवाइकांनी ते अचानक पाहिले, तर डॉक्टरांवरचा विश्वास त्याच क्षणी संपतो. त्यात नातेवाइकांची चूक नसते.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरकही इथेच स्पष्ट केला पाहिजे. कोमात रुग्ण बेशुद्ध असतो, पण मेंदू जिवंत असतो. सुधारणा होऊ शकते. दीर्घकालीन अर्धजागृत अवस्थेत डोळे उघडतात, झोप-जाग चालू राहते, श्वास स्वतःचा असतो, पण भान नसते. मेंदूमृत्यूत मेंदू आणि शरीर यांना जोडणारा मेंदूचा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचा निकामी झालेला असतो. श्वासाचे आणि जागेपणाचे केंद्र तिथेच असते. नीट तपासणी करून मेंदूमृत ठरवलेला माणूस परत येत नाही. ‘कोमातून परत आला’ अशा बातम्या असतात, त्या पहिल्या दोन अवस्थांच्या असतात.

ठरवतात कसे?

तपासणी आधी कारणापासून सुरू होते. मेंदूला एवढी इजा कशाने झाली, हे ठाऊक असलेच पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा रस्त्यावरचा अपघात किंवा मेंदूतला रक्तस्राव हे कारण असते. शरीर फार थंड पडलेले नाही, झोपेच्या किंवा भुलीच्या औषधांचा अंमल नाही, रक्तातले क्षार आणि साखर फार बिघडलेली नाही, याची खात्री करून घेतात. कारण या गोष्टी मेंदूमृत्यूची नक्कल करू शकतात.

मग मेंदूच्या देठाची एकेक चाचणी होते. डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का? बुबुळाला कापसाचा स्पर्श केल्यावर पापणी मिटते का? डोके वळवल्यावर डोळे कसे फिरतात? कानात बर्फाचे पाणी घातल्यावर डोळे हलतात का? घशात नळी घातल्यावर ओकारी किंवा खोकला येतो का? शेवटची चाचणी श्वासाची. रुग्णाला प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर काही मिनिटे थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वास घेण्यासाठी शरीराकडे याहून मोठा इशारा नाही. एवढे होऊनही छाती एकदाही हलली नाही, तर श्वासाचे केंद्र संपलेले आहे.

या साऱ्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. कायद्यानुसार चार डॉक्टर सही करतात. रुग्णालयाचे प्रभारी डॉक्टर, मंजूर यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ मिळत नसतील तर फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात, ही सोय २०११ च्या दुरुस्तीने झाली. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या चौघांत असू शकत नाही. ‘अवयवांसाठी आमचा माणूस लवकर मृत ठरवला’ ही भीती नातेवाइकांच्या मनात येतेच. कायदा करणाऱ्यांच्याही मनात ती होती, म्हणून ही भिंत उभी केली आहे.

बोललो तर जातो, गप्प राहिलो तर डोके फुटते

वेताळाच्या अटीची खरी धार इथे कळते. अतिदक्षता विभागाबाहेर ही अट तिघांना लागू होते.

पहिला घरातला कर्ता. त्याला डॉक्टरांनी सांगितलेले असते, पण आईला, वहिनीला सांगायचे धैर्य होत नाही. ‘आईला काही बोलू नका डॉक्टरसाहेब, तिला सहन व्हायचं नाही’ हे वाक्य कोणत्याही रुग्णालयात रोज ऐकू येते. तो दोन दिवस ते सत्य एकटा वागवतो.

दुसरा डॉक्टर. स्पष्ट बोलले तर जमाव चिडेल, आशा तोडल्याचा ठपका येईल. म्हणून ‘सीरियस आहे, चोवीस तास बघू’ असे मोघम बोलणे चालू राहते.

तिसरी परिचारिका. तिच्या डोळ्यांसमोर सगळे घडत असते, तिला कळतही असते, पण सांगण्याचा अधिकार तिचा नसतो. काय योग्य ते माहीत असून ते करता न येण्याच्या या अवस्थेला अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नैतिक क्लेश असे नाव दिले. वेताळाने हजार वर्षांपूर्वी घातलेली अट तीच आहे. ठाऊक असून गप्प राहशील, तर डोके फुटेल.

निर्णयाची ही वेदना दुबळेपणाची खूण नाही. दोन वाईटांतून किंवा दोन चांगल्यांतून एक निवडायची वेळ येते तेव्हा मेंदूत काय घडते, यावर २००१ मध्ये जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला आपल्या हाताने ढकलायचे, असा प्रसंग कल्पनेत मांडला तरी मेंदूतले भावनांशी निगडित भाग जोरात जागे होतात. २००७ मधल्या दुसऱ्या अभ्यासात, मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला इजा झालेले सहा रुग्ण अशा प्रसंगात इतरांपेक्षा बरेच सहज ‘ढकलावे’ म्हणत होते. म्हणजे काळजात कालवाकालव होणे, हे निरोगी मेंदूचे लक्षण आहे. ज्याला काहीच वाटत नाही, त्याचीच काळजी करावी.

मात्र ही वेदना गप्प राहून सोसली तर ती आजार होते. फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांतील २८४ नातेवाइकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत आघातोत्तर तणावाची लक्षणे होती. दचकून जाग येणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे, रुग्णालयाचा रस्ता टाळणे. आपल्याला पूर्ण माहिती दिली गेली नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते.

दोन वर्षांनी तिथल्याच २२ विभागांनी एक साधा उपाय करून पाहिला. मृत्यूच्या वाटेवर असलेल्या १२६ रुग्णांचे नातेवाईक निवडले. निम्म्यांशी नेहमीच्या पद्धतीने बोलणे झाले. उरलेल्यांना खोलीत बसवून ठरवून बैठक घेतली आणि शोकाविषयी एक पुस्तिका दिली. नेहमीची बैठक वीस मिनिटांची, ही तीसची. पण खरा फरक बोलण्याच्या वाट्यात होता. नेहमीच्या बैठकीत नातेवाईक पाच मिनिटे बोलत, नव्या पद्धतीत चौदा मिनिटे. तीन महिन्यांनी आघातोत्तर तणावाची लक्षणे पहिल्या गटात ६९ टक्क्यांत होती, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांत. औषध दिले नव्हते, यंत्र आणले नव्हते. फक्त दहा मिनिटे वाढवली होती आणि समोरच्याला बोलू दिले होते.

आपल्या सरकारी रुग्णालयांत एका डॉक्टरमागे रुग्णांची रांग असते. मराठवाड्यातल्या गावागावांतून आलेले नातेवाईक घाटीच्या आवारात दिवसच्या दिवस काढतात. तिथे ही दहा मिनिटे काढणे सोपे नाही. पण ती चैनही नाही. ती उपचाराचाच भाग आहे, रुग्णाच्या नाही तर मागे राहणाऱ्यांच्या.

या बोलण्यात एक गोष्ट नि:संदिग्ध सांगितली गेली पाहिजे. मेंदूमृत्यू हा घरच्यांनी घ्यायचा निर्णय नसतो. ते निदान आहे. ‘आम्ही हो म्हणालो म्हणून तो गेला’ हे ओझे अनेक जण आयुष्यभर वाहतात, आणि ते चुकीचे आहे. तो आधीच गेलेला असतो. घरच्यांनी ठरवायचे असते ते एवढेच, की अवयव दान करायचे की नाही. होकार दिला तर पुण्य आणि नकार दिला तर पाप, असा हिशेब रुग्णालयाने कधीच मांडू नये. विचारणे मात्र कायद्याने रुग्णालयाचे कर्तव्य आहे. त्यामुळे विचारले म्हणून रागावू नये. नकार दिल्यावर व्हेंटिलेटरचे काय, हा प्रश्न मागे राहतो. १९९४ चा कायदा मुळात प्रत्यारोपणासाठी केलेला असल्याने या टप्प्यावर रुग्णालये वेगवेगळ्या रीतीने वागतात. म्हणून ते आधीच विचारून घ्यावे.

राजा गप्प राहिला तो प्रश्न

तेवीस प्रश्नांची उत्तरे देणारा राजा चोविसाव्या प्रश्नाला गप्प राहतो. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो आणि डोके फुटत नाही, कारण अट ठाऊक असून गप्प राहण्याची होती. ठाऊक नसताना गप्प राहिला म्हणून वेताळ प्रसन्न होतो आणि त्याच्यावर येऊ घातलेल्या संकटाची सूचना देऊन त्याचा जीव वाचवतो.

वैद्यकातही असे प्रश्न आहेत. मेंदूमृत्यूचे उत्तर स्पष्ट आहे, पण त्याच्या अलीकडे मोठा अंधूक प्रदेश पसरला आहे. हा रुग्ण शुद्धीवर येईल का? आला तर चालेल का, बोलेल का? पहिल्या दोन-तीन दिवसांत याचे प्रामाणिक उत्तर बरेचदा ‘आत्ता सांगता येत नाही’ हेच असते. ते ऐकायला कडू असते, पण खोट्या आश्वासनापेक्षा टिकाऊ असते. अशा वेळी पाच किंवा सात दिवस पूर्ण जोराने उपचार करायचे, कोणत्या खुणा पाहायच्या ते आधीच ठरवायचे आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र बसायचे, ही पद्धत दोन्ही बाजूंना आधार देते.

या प्रदेशाचा सर्वांत मोठा खटला महाराष्ट्रातलाच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्या मेंदूमृत नव्हत्या. श्वास त्यांचा स्वतःचा होता, पण भान परतले नाही. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. रुग्णालयातल्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही त्यांना सांभाळतो आणि सांभाळत राहू. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे मानले. त्याच निकालात, कठोर अटींवर कृत्रिम उपचार थांबवता येतील अशी वाटही उघडली. अरुणा यांचे निधन मे २०१५ मध्ये झाले. दोन्ही बाजूंना त्यांचे भलेच हवे होते. फक्त एका व्यक्तीचे मत कोणालाच ठाऊक नव्हते, खुद्द अरुणा यांचे.

ही उणीव भरून काढण्यासाठी आता सोय आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. सज्ञान, शुद्धीवर असलेली कोणीही व्यक्ती, बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवू शकते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक तपासणी करतात, मगच ते अमलात येते.

घरी आणि रुग्णालयात काय करावे?

• घरात सगळे धडधाकट असताना एकदा बोलावे. ‘माझ्यावर अशी वेळ आली तर’ हे वाक्य अशुभ नाही. ते न बोलल्यामुळे मुलांवर पडणारे ओझे जास्त जड असते.

• अवयवदानाचे कार्ड भरले असले तरी रुग्णालय जवळच्या नातेवाइकांची संमती घेतेच. म्हणून कार्डाइतकेच घरी सांगणे महत्त्वाचे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेचा मोफत दूरध्वनी १८००-११-४७७० आहे. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत.

• अतिदक्षता विभागात डॉक्टरांना सरळ विचारावे. हा कोमा आहे की मेंदूमृत्यू? तपासणी कितव्यांदा झाली? श्वासाची चाचणी झाली का? हालचाल दिसते ती कशाची? पुढची भेट केव्हा?

• बोलायला एकट्याने जाऊ नये. घरातल्या दोघांनी जावे, त्यातली एक बाई असावी. ऐकलेले लिहून घ्यावे. धक्क्यात ऐकलेले अर्धेच लक्षात राहते.

• दान करायचे ठरले तर त्या निर्णयानंतर शरीर सांभाळण्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च कुटुंबाने करायचा नसतो. देह सन्मानाने शिवून अंत्यसंस्कारासाठी परत मिळतो. अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिसांची प्रक्रिया आणि शवविच्छेदन यासाठी वेळ लागतो, तो धरून चालावे.

• घरी साध्या मृत्यूनंतरही साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान करता येते.

• आणि ही वेळच येऊ नये यासाठी दुचाकीवर दोघांनीही हेल्मेट घालावे, रक्तदाबाची गोळी मधेच बंद करू नये. मेंदूमृत्यूकडे जाणाऱ्या दोन मोठ्या वाटा या दोन सवयींनी बऱ्याच अरुंद होतात.

वेताळाच्या गोष्टीत राजा स्मशानात एकटा चालतो. उत्तर त्यालाच द्यायचे असते, ओझेही त्याच्याच खांद्यावर असते. रुग्णालयात तसे असण्याची गरज नाही. निदानाला चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, मग ते निदान ऐकून घ्यायला घरातल्या एकट्यादुकट्यालाच का पाठवावे? आज रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही बंद करून पंधरा मिनिटे या विषयावर बोलले, तरी पुढे कधीतरी कोणाची तरी एक रात्र हलकी जाईल.